शेंदूर लावलेला दगड

तो दगड आजही डोळ्यांपुढून हलत नाही. नावे सांगत नाही. ती माणसे अजून बडोद्यातच राहतात.

शहरातल्या गोत्री भागाच्या कडेला नवा रस्ता आखला होता, हद्दीचे दगड रोवून झाले होते. एका सकाळी वस्तीशेजारच्या प्लॉटच्या बिल्डरचा मॅनेजर पोलीस ठाण्यात माझ्याकडे आला. "साहेब, वस्तीतली एक बाई सरकारी दगड उखडते. आमच्या वॉचमनने पकडली."

दगड तिच्या दाराशीच होता. रस्ता झाला की तिचे घर जाणार, त्यामुळे हेतू उघड वाटला. महिला शिपाई घेऊन मी तिथे गेलो. मॅनेजरही आला. बाई शिवणयंत्रावरून उठलीसुद्धा नाही.

"मावशी, दगड उखडत होतात?"

"होय. उलटा रोवलाय तो."

"दगडाला कसलं उलटसुलट?"

"भाऊ, मोजणीवाले आले तेव्हा रस्ता येतोय म्हणून आम्ही नारळ फोडला. एकेका दगडाला शेंदूर लावला. तेव्हा हा इथे नव्हता. ह्याला शेंदूर वर दिसत नाही. शेंदराचं टोक खाली गाडलंय का, ते बघत होते."

मॅनेजर हसला. "बेन, पावसाने गेला असेल."

"बाकीचे दगड छत्री घेऊन उभे होते का?"

मी दोन पंच बोलावले आणि दगड काढायला लावला. मातीतल्या टोकाला शेंदूर होता. सरकारी मोजणीत दगडाची खरी जागा बिल्डरच्या प्लॉटमध्ये निघाली. रस्ता तिथून गेला असता तर प्लॉटचे दोन तुकडे झाले असते. वस्तीवरून गेला की तोच प्लॉट रस्त्याला लागून, भाव दुप्पट. वॉचमनला दगड दाखवला तेव्हा तो खाली बघून म्हणाला, "मॅनेजरसाहेबांनी सांगितलं, मी हलवला."

वरून फोन आला. "शहर वाढतंय. बाईला समज द्या, मिटवा."

"पंचनाम्यावर सह्या झाल्यात, साहेब. मिटणार नाही."

महिन्याभरात माझी बदली झाली. दगड मात्र मूळ जागी गेला, बाईचे घर राहिले.

निवृत्तीनंतर मी कॉलेजात नाव घातले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. अर्थशास्त्र सगळे कळते असे म्हणण्याचे धाडस नाही. परवा सर शिकवत होते, शहर कुठे वाढणार ते जमिनीचा भाव ठरवतो. मी चाचरतच हात वर केला.

"सर, भावाला हात नसतात. दगड माणूस हलवतो. त्याचे नाव लिहिता येते. मी पोलीस ठाण्यात लिहिले आहे."