पक्कडताईंच्या विभागात बिघाडच नाही

रुग्णालयातली यंत्रं सांभाळणाऱ्या बाईंना सगळे पक्कडताई म्हणत, कारण पांढऱ्या कोटाच्या खिशात पेनाऐवजी पक्कड. स्वतःच्या लग्नात ही बया हॉलचा कुरकुरणारा पंखा नीट करायला स्टुलावर चढली आणि नवऱ्याने स्टूल धरलं. बिचाऱ्याने ते अजून सोडलेलं नाही. सासू म्हणे, "माझे गुडघे सोडले तर या घरात काही कुरकुरत नाही."

तर अशा बाईच्या विभागाचा दर्जा ठरवायला वरून तपासनीस आले. गुण कमी पडले तर विभाग बंद, काम बाहेरच्या कंत्राटदाराला. आणि निम्मे गुण कशाला? तर तक्रार आल्यावर दुरुस्तीला किती झटपट धावता, त्याला. झाली का पंचाईत! ताई यंत्रं बिघडायच्या आधीच उघडून, पुसून, तपासून ठेवणार. तक्रार येणार कुठून, बोडक्याची?

"तक्रारच नाही, म्हणजे इथे शून्य," तपासनीस म्हणाले. असल्या अकलेला काय म्हणावं!

वॉर्डच्या मोठ्या सिस्टर म्हणजे ताईंची जुनी मैत्रीण. त्यांनी ताईंना कोपऱ्यात ओढलं. "अगं, एखादी वायर उपटू का? तू पटकन जोडशील."

"हात लावून तर बघ, तोडून ठेवीन!"

"वायर?"

"हात!"

तेवढ्यात तपासनीस सहज म्हणून वॉर्डातल्या वजनकाट्यावर उभे राहिले. आकडा बघून त्यांचे डोळे पांढरे झाले. "हा काटा बिघडलाय!"

सिस्टरांना आनंदाचं भरतं आलं. "ताई, तक्रार! धाव!"

ताई दोन ढांगांत हजर. आता "हो साहेब" म्हणून कुठलासा स्क्रू फिरवला असता तर काम फत्ते होतं. सिस्टर मागून चिमटे काढत होत्या. पण आपल्या काट्याला कोणी खोटं म्हणणं म्हणजे पोटच्या पोराला चोर म्हणणं! ताईंनी प्रमाणित वजनं आणून काट्यावर ठेवली. आकडा बरोबर. आणखी ठेवली. तरी बरोबर.

"काटा ठणठणीत आहे, साहेब. माल जास्त आहे."

पेशंट टाके सांभाळत हसल्या. सिस्टरांनी कपाळाला हात लावला. गेला विभाग!

तपासनीस लालबुंद. "मग दुरुस्ती काय केलीत?"

"तक्रार आली, धावले, तपासलं, दोष सापडला. तो यंत्रात नाही, एवढंच."

तपासनीसांनी गुणांचा तक्ता पुढे ओढला. "बरं, पूर्ण गुण देतो. पण तो आकडा लिहू नका."

"नोंद अपुरी ठेवली तर तुम्हीच गुण कापाल."

तपासनीसांनी मुकाट्याने बूट काढले आणि पुन्हा काट्यावर चढले. मग मोबाईल काढला, किल्ल्या काढल्या, कोट काढला, कमरेचा पट्टाही काढला.

"साहेब, आता पुरे," सिस्टर म्हणाल्या. "हा बायकांचा वॉर्ड आहे."

पूर्ण गुणांखाली त्यांनी सही केली ती उजव्या हाताने. डाव्या हाताने पँट धरली होती.