पुढून येणारी पावलं

फौजेच्या भरतीत माझी छाती दोन बोटं कमी भरली, तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. तो राग मी जपून ठेवला आणि सोबत घेऊनच कुवेतला आलो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. अबू हलीफात एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो, सगळे कोकणातले, बायकामुलं गावी ठेवून आलेले किंवा माझ्यासारखे सडे. मी एसी दुरुस्त करायचो. शेजारच्या खाटेवर आमच्याच गावचे सुतारकाका होते. ते इराकबरोबरच्या लढाईच्या आधीपासून इथे होते.

मी सव्वीस वर्षांचा असताना मामाचं पत्र आलं. मामा निवृत्त हवालदार. राखीव फौजेत अजून जागा आहेत, असं त्याने कळवलं होतं. वर्षातले थोडे महिने वर्दी, बाकी आपली नोकरी, आणि तिच्यातच पॅरा कमांडोंची एक तुकडी. माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला तिथे पोचायच्या दोन वाटा होत्या. एक थेट, म्हणजे त्या तुकडीच्या भरतीला जायचं आणि लगेच निवडीला उभं राहायचं. दुसरी लांबची, म्हणजे घराजवळच्या साध्या पलटणीत काही वर्षं काढायची आणि मग आतून नाव द्यायचं. "कुठूनही गेलास तरी निवड एकदाच," मामाने लिहिलं होतं. "शेवटी डोंगरात एकट्याला सोडतात. पाठीवर वजन, हातात नकाशा. वेळेत पोचलास तर आत, नाहीतर घरी." दोन्हीसाठी इथली नोकरी आणि राहायचा परवाना सोडावा लागणार होता.

मला थेटच जायचं होतं. पुन्हा कुणाच्या तरी रांगेत शेवटी उभं राहायचं, या विचारानेच माझं डोकं फिरायचं.

दर शुक्रवारी मशिदीतली पहाटेची बांग झाली की मी वीस किलोची तांदळाची गोणी पाठपिशवीत घालून निघायचो. फिंतास, एगैला या वस्त्या, मग हायवेच्या पलीकडे उघडी वाळू. परत आलो की खोलीतले विचारायचे, आज तांदूळ फिरून आला की नाही. आठवडाभर तोच भात आम्ही खायचो.

काका मात्र हसायचे नाहीत. आमच्याकडे गावचा राखणदार रात्री वेशीवरून फिरतो असं मानतात आणि त्याला चामड्याच्या चपला वाहतात. त्या झिजल्या की नव्या ठेवायच्या. काकांनी बाजारातून इथले अरब घालतात तशा जाड अंगठ्याच्या चामडी चपला आणल्या आणि डांबर संपतं तिथल्या भिंतीखाली माझ्या नावाने राखणदाराला ठेवल्या.

"काका, राखणदाराक व्हिसा कोणी दिल्यान?" मी म्हटलं.

"तू गप चल," ते म्हणाले. "मी त्याका गाऱ्हाणा घातलंय."

तो शुक्रवार जानेवारीतला होता. हायवे ओलांडला आणि धुकं उतरलं. दहा पावलांपलीकडचं दिसेना. पायवाटेच्या कडेला कुणीतरी जुने टायर पुरले होते, ते मोजत मी चाललो होतो. थोड्या वेळाने टायर दिसेनासे झाले आणि पुढून पावलं ऐकू आली. ओल्या वाळूत दमदार, एकसारखी पडणारी. मला बरं वाटलं. कुणीतरी वाट माहीत असलेला चाललाय, असं वाटून मी त्यांच्या मागे लागलो. मी थांबलो की ती थांबायची, निघालो की निघायची. एकदा हाक मारली, उत्तर आलं नाही. तरी मी चालत राहिलो.

मग पायापुढे चपला दिसल्या. भिंतीखालच्याच त्या, अंगठ्याला काकांनी बांधलेला लाल दोरा होता. कुणी दारात काढून ठेवाव्यात तशा जोडीने, टोकं माझ्याकडे करून ठेवलेल्या. टाचा झिजल्या होत्या. भिंत तासभर मागे राहिली होती. पुढची पावलं जागच्या जागी वाजत होती.

मी हललो नाही. ऊन वर आलं, धुकं फाटलं आणि चपलांच्या चार हात पुढे गंजलेली तार दिसली. तारेवर कवटी रंगवलेला पत्रा लोंबत होता. पलीकडे सपाट वाळू, तिच्यावर एकही पाऊल नाही. लढाईतले सुरुंग सगळे काढलेले नाहीत, हे इथल्या प्रत्येक कामगाराला पहिल्या दिवशीच सांगतात. माझ्याच पावलांवर पाय ठेवत मी मागे फिरलो.

काका शेगडीपाशी होते, पाय कोरडे, म्हणजे चपला त्यांनी नेऊन ठेवल्या नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"पावलां फुडसून वाजत होती की पाठसून?"

"फुडसून."

काकांनी गॅस बंद केला. "मगे तो आपलो न्हय, झिला. आपलो कायम पाठसून चलता. वाट दाखवणा त्याचा काम न्हय. आडवणा त्याचा काम."

त्या रविवारी मी मामाला लिहिलं की लांबच्या वाटेने येतो. भुताला भ्यालो म्हणून नाही. धुक्यात कुणी पुढे चालत असलं की मी डोळे मिटून मागे जातो, हे मला कळलं होतं, आणि त्याची मला लाज वाटत होती. असल्या माणसाने एकट्याने डोंगरात जाऊ नये.

घराजवळच्या पलटणीत चार वर्षं काढली. रांगेत शेवटी उभा राहिलो, नकाशा शिकलो, मग नाव दिलं. निवडीतल्या शेवटच्या, एकट्याने करायच्या चालीत एका खिंडीत धुकं उतरलं. हातातल्या नकाशाप्रमाणे वाट डावीकडे होती. पुढून, उजवीकडून, तीच पावलं सुरू झाली. डावीकडे वळायचं मला कळत होतं, पण पाय उजवीकडे ओढ घेत होते. मी बोजासकट खाली बसलो आणि दोन्ही हातांनी दगड धरून ठेवला. पावलं माझ्यासाठी थांबली होती. धुकं जाईपर्यंत ती थांबली.

मी पाऊण तास उशिरा पोचलो. साहेबांनी माझ्या नावावर रेघ मारली आणि नकाशा चुकला का, म्हणून विचारलं. नाही साहेब, बसलो होतो, एवढंच मी म्हणालो.

बोजा परत करून एकटाच डोंगर उतरू लागलो, तेव्हा पाठीमागून चामड्याच्या चपलांची चर्रचर्र ऐकू आली. मला रडू आलं. एसटीच्या थांब्यापर्यंत ती माझ्यामागे होती आणि मी एकदाही वळून पाहिलं नाही.