ऑरेंज बारचा डाग

बाबा आज सकाळी गेले.

रंगांचा केमिस्ट माणूस. आणि त्यांच्याशीच रंगाबद्दल खोटं बोलायचा गाढवपणा मी नऊ वर्षांची असताना केला होता.

तेव्हा आम्ही दिल्लीत, करोल बागेत दोन खोल्यांत राहायचो. बाबा पानिपतला एका ब्लँकेटच्या कारखान्यात. आठवडाभर तिकडे, रविवारी घरी.

पाणी न उकळता, थंड पाण्यातच पक्का बसणारा रंग त्यांनी शोधून काढला होता. सात वर्षं लागली. आईच्या सगळ्या पातेल्यांचा त्यात बळी गेला.

मग देशाची दारं उघडली आणि कारखान्याच्या मालकांना, लालाजींना, परदेशातली ऑर्डर मिळाली. तान्ह्या बाळांची नारंगी ब्लँकेट्स.
लॅबने धुऊन पाहिली, पास केली. लालाजींनी शब्द दिला: माल गेला की गुडगावला नवी फॅक्टरी, बाबा तिचे हेड, राहायला कंपनीचा फ्लॅट.

फ्लॅटमध्ये माझी वेगळी खोली. तिचा नकाशा मी वहीच्या मागच्या पानावर काढून ठेवला होता. पलंग खिडकीला लागून.

ज्या रविवारी ट्रक निघायचा होता, त्या सकाळी माझा आठ महिन्यांचा भाऊ चिकू सॅम्पलच्या ब्लँकेटचं टोक चोखत बसला होता.

त्याचं तोंड नारंगी झालं होतं.

मला सगळं कळलं. नऊ वर्षांच्या मुलीला खूप कळतं.
मी माझ्या पांढऱ्या फ्रॉकने त्याचं तोंड पुसून टाकलं.

बाबा आंघोळ करून आले. "हे काय गं फ्रॉकवर?"
"ऑरेंज बार."
सकाळी आठ वाजता आइस्क्रीम. यार!

ते बघत राहिले. मग ब्लँकेटचं दुसरं टोक तोंडात धरून आरशासमोर उभे राहिले. दहा मिनिटं.
जीभ बाहेर काढली.
नारंगी.

आई चिकूला घेऊन डॉक्टरकडे पळाली. (त्याला काही झालं नाही.) बाबांनी खालच्या पीसीओवरून फोन लावला.
"लालाजी, ट्रक रोकिए."
पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "अरे देशपांडे साहब, कंबल ओढ़ने की चीज़ है, चूसने की थोड़ी है!"
फोन कट.

घरी कुणी नाही, म्हणून मला तशीच बसमध्ये घातलं. त्याच फ्रॉकमध्ये. पानिपतपर्यंत मी डागावर हात ठेवून बसले होते.
देवा, ट्रक निघून गेलेला असू दे, म्हणत होते. हो, असंच म्हणत होते.

ट्रक गेटपाशी होता. बाबा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, लालाजी ओरडतायत, "लॅब ने पास किया है! आपके पास सबूत क्या है?"

माझ्या फ्रॉककडे नुसतं बोट दाखवलं असतं तर काम झालं असतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एका गाठोड्यातून ब्लँकेट ओढलं, टोक तोंडात कोंबलं आणि तिथेच चोखत उभे राहिले.
हमाल हसायला लागले. मग हसायचे थांबले.

"ये देखिए." जीभ. हनुवटीवरून नारंगी लाळ.

लालाजींनी ड्रायव्हरला हॉर्न बंद करायला लावला. मग म्हणाले, "माल उतारो."
आणि बाबांना, "आप कल से मत आना."

फॅक्टरी गेली, फ्लॅट गेला, माझी खोली गेली.
करोल बागेतल्या बाथरूममध्ये बाबा आणखी चार वर्षं त्या रंगाशी झगडले. शेवटी जमला. पुढे दोन-तीन कारखान्यांनी वापरला, बाबांचं नाव कुठेच नाही. पण नव्या रंगातल्या कापडाचा पहिला तुकडा ते कायम स्वतः चोखायचे. लग्नकार्यात लोक विचारायचे, पान कुठलं खाल्लंत?

मी मात्र कित्येक वर्षं त्यांच्यावर चिडून होते. स्वतःवर त्याहून जास्त.

मागच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये एकदाचं बोलून टाकलं. "बाबा, तो ऑरेंज बार नव्हता."
हसले. "अगं, माझा रंग मी ओळखणार नाही होय?"
"मग बोलला का नाहीत?"
"तुझी वही पाहिली होती मी. आणि खरं सांगू? मिनिटभर मलाही वाटलं, ऑरेंज बारच असू दे."

फ्रॉक अजून माझ्या कपाटात आहे. तो डाग कधीच गेला नाही.

या, बाबा.