बर्फावर चालायला शिकलेली ज्योती

फोन आला तेव्हा मी शिकवते त्या जऊळक्याच्या शाळेत परिपाठ चालू होता. स्क्रीनवर धाकट्या बहिणीचं, ज्योतीचं नाव पाहिलं आणि मी लगबगीनं रिकाम्या वर्गात शिरले. पण पलीकडून आवाज आला तो तिच्या तिकडच्या मैत्रिणीचा, मार्थाचा. तिनं माझं नाव घेतलं आणि ती गप्प झाली... कॅनडात तेव्हा रात्र असणार. पुढचं इंग्रजी समजून घ्यायची गरजच उरली नाही. बाहेर मुलं प्रतिज्ञा म्हणत होती, ती संपेपर्यंत मी बाकाला धरून तशीच उभी राहिले. मग मालेगावला एसटी बदलून मेडशीला गेले, कारण आईला हे फोनवर सांगणं मला जमलं नसतं.

आई मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. मला पाहून म्हणाली, "काहून वं, शाळा सोडून आली?" मी तिच्याजवळ मातीतच बसले. "आई, आपली ज्योती गेली." आईनं हातातली जुडी बांधली, बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली. ती बांधता बांधता तिनं विचारलं, "तिले कोनी पानी पाजलं का?" मी म्हटलं, "पाजलं, आई. मार्थानं पाजलं." मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ज्योती माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आमचा भाजीपाल्याचा मळा. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं पहाटेच तोडून बाजाराला न्यावं लागे. हिवाळ्यात ही पोरगी गोधडीतून बाहेर यायलाच तयार नसायची. आई ओढून काढायची, तर ही तशीच गोधडी गुंडाळून शेकोटीपाशी जाऊन बसायची. दवानं भिजलेल्या पाल्यात हात घालायचा म्हटलं की रडायची. "मी थंडीनं मरून जाईन न," म्हणायची. घरात तिचं नावच पडलं होतं, शेकोटीची मांजर. पुढे ती अकोल्याला नर्सिंग शिकली, काही वर्षं आखातात राहिली आणि तिथून कॅनडाच्या उत्तरेकडच्या एका लहानशा गावातल्या दवाखान्यात तिला नोकरी लागली. आम्हाला हसावं की रडावं कळेना. पहिला हिवाळा तिनं फोनवर रडूनच काढला. "ताई, मले घरी याचं हाय. इथं दुपारीच दिवस बुडते वं. मानूस दिसत नाई रस्त्यावर." मी ऐकून घ्यायची. इतक्या लांबून याहून जास्त काही करता येत नव्हतं.

मग तिच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली मार्था तिच्या आयुष्यात आली. एकटीच राहणारी, साठी उलटलेली, उंचीपुरी बाई. तिनं एका रविवारी ज्योतीला घराबाहेर काढलं आणि आपले जुने स्नोशूज, म्हणजे बर्फावर चालायच्या पसरट जाळ्या, तिच्या बुटांना बांधले. त्या दिवशीचा ज्योतीचा फोन मला अजून शब्दन् शब्द आठवतो. "ताई, पायाले दोन सुपं बांधली अन् कमरेइतक्या बर्फावरून चालत गेली मी! बुडलीच नाई! झाडाईत कोनी नाई, आवाज नाई... फक्त आपल्याच पायाचा कर्र कर्र." तिच्या आवाजात असा हुरूप मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

त्यानंतर ती थांबलीच नाही. दुसऱ्या वर्षी तिनं जाड टायरची सायकल घेतली, तिकडे फॅट बाईक म्हणतात. तिचं चाक आपल्या मोटारसायकलच्या चाकाहून रुंद. हवा थोडी कमी ठेवली की बर्फावर रुतत नाही. ड्यूटी संपली की डोक्याला दिवा बांधून ती गोठलेल्या तळ्यावर सायकल चालवायला जायची. आईच्या गळी हे काही केल्या उतरेना. "तळ्यावर सायकल? मले येडी समजते का तू?" ज्योती हसत म्हणायची, "अवं आई, तळं गोटलं हाय. त्याच्यावरून गाड्या जातात." "अन् फुटलं तं?" "आदी भोक पाडून पाह्यतो न आमी, बर्फ किती जाड हाय ते." आई फोन माझ्या हाती द्यायची आणि म्हणायची, "हिले सांग बाप्पा, पान्याचा काई भरोसा नसते."

एका दिवाळीत ती आली ती स्नोशूज बॅगेत घालूनच. सोयाबीन नुकतंच काढून झालं होतं, शेजारच्या वावरात कुटाराचा, म्हणजे भुशाचा मोठा ढीग पडलेला. ज्योतीनं ते पायाला बांधले आणि ढिगावर चढली. बाया कामं टाकून पाहायला आल्या. मग ती आईच्या मागे लागली. "तू पन चाल न आई, एक डाव." आई नाही नाही म्हणत शेवटी बसली, ज्योतीनं तिच्या पायांना पट्टे आवळले, लुगडं खोचून दिलं आणि हात धरून तिला ढिगावर चढवलं. आई आधी घाबरत, मग ऐटीत चालली आणि वरून मला हाक मारून ओरडली, "अवं सुमन, खरंच बुडत नाई वं!" त्या दिवशी आई जितकी हसली तितकी हसताना मी तिला पुन्हा पाहिलं नाही.

गेल्या पावसाळ्यात ज्योतीच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या तेव्हा आजार फार पुढे गेलेला होता. स्वतः नर्स, त्यामुळे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनंच मला समजावलं, जणू दुसऱ्याच कोणाच्या दुखण्याबद्दल बोलत असावी. आईचं एकच म्हणणं, "तिले घरी आना. माह्या डोळ्यासमोर राहू द्या." मी ज्योतीला तसं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, आईचं बरोबर हाय. पन मले एक डाव बर्फ पडलेला पाहू दे. मंग येतो." बर्फ पडला, तोवर तिची तब्येत आणखी ढासळली आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला नकार दिला. आम्ही तिकडे जायचं ठरवलं. पासपोर्ट धावपळ करून काढले, पण व्हिसा काही आला नाही. रोज सकाळी मी व्हिसाचं पाहायला मोबाइल उघडायची आणि बंद करायची... माझ्या हातात एवढंच होतं.

शेवटच्या आठवड्यात मार्थानं तिला बाहेर नेलं. उठून बसण्याचंही त्राण तिच्यात नव्हतं. मार्थानं स्वतः स्नोशूज बांधले, ज्योतीला पांघरुणांत गुंडाळून घसरगाडीवर निजवलं, दोरी आपल्या कमरेला अडकवली आणि ती बाई चालत निघाली. व्हिडिओ कॉल लावलेला फोन ज्योतीच्या छातीवर होता. आम्हाला दिसत होतं ते फक्त आभाळ, पुढे वाकलेली मार्थाची पाठ आणि अधूनमधून ज्योतीची हनुवटी. आई ओरडत होती, "तिचे कान झाका वं बाई! कानात वारं जाईन!" मार्थाला मराठी कुठून कळणार, ती चालत राहिली. तळ्याच्या मधोमध थांबल्यावर ज्योती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आई, थंडी नाई वाजत मले. खरंच." आई म्हणाली, "मंग थांब थोडा वेळ. काई घाई नाई." मग फोन अडकला. चित्र तिथेच थिजलं, पांढरं. आम्ही दोघी किती वेळ तरी त्या पांढऱ्याकडे पाहत बसलो.

तिची राख त्याच तळ्यात सोडावी अशी तिची इच्छा होती. मार्थानं मला ते सांगितलं, मी आईला सांगितलं. आई भडकली. "गंगेत नाई, गोदावरीत नाई, परक्या तळ्यात? अन् कोनाच्या हातानं?" चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मलाही ते पटलं होतं असं नाही. पाचव्या दिवशी तिनंच विचारलं, "सोडली का मंग?" मी म्हटलं, "नाही आई. तळं गोठलंय. बर्फ वितळेपर्यंत थांबावं लागेल. तोवर तिची राख मार्थाच्या घरी राहील." "कुठी ठेवली?" मी मार्थाला विचारून सांगितलं, बैठकीच्या खोलीत, खिडकीपाशी. आई म्हणाली, "त्या खोलीत शेगडी हाय का?" मार्था म्हणाली, आहे. दिवसभर चालू असते.

आता सगळ्यांचे दिवस पूर्ववत झालेत म्हणायचे. मळ्यात मेथी संपत आली, वावरात हरभरा घाट्यावर आलाय, मी शाळेत जाते. पण आईला एक नवी सवय लागली आहे. सकाळी चहाआधी ती मला फोन करते. इकडचं तिकडचं काही नाही, एकच प्रश्न.

"आज किती हाय तिकडं?"

मी मोबाइलवर तिकडचं तापमान पाहून सांगते, "उणे एकवीस."

"कालच्यापेक्षा कमी का जास्त?"

"तेवढंच आहे, आई."

"बरं," ती म्हणते. "राहू दे मंग तिले अजून शेगडीपाशी," आणि फोन ठेवून देते.