न सरकणारा डाग

माझा स्वभाव मुळातच भित्रा. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी रस्त्यातून परत फिरलेली बाई आहे, आणि एकदा नव्हे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं मला उद्देशून माहेरी धनजला आणि इकडे सासरी इतक्यांदा म्हटलं गेलंय, की तो राक्षस आता नात्यातलाच वाटतो. अशा बाईनं सूर्याचा नाद धरावा, हे माझं मलाही कोडंच आहे.

मी गावातल्या शाळेत विज्ञान शिकवते. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात कुणीतरी छोट्या दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर सूर्य पाडून दाखवला होता. वीतभर गोल, आणि त्यावर मिरीच्या दाण्याएवढे दोन काळे डाग. त्या एका दाण्यात आपली पृथ्वी सहज मावेल, असं ते म्हणाले. घरी आल्यावरही तो गोल डोळ्यांपुढून हलेना. पुढे मी तशीच एक जुनी दुर्बीण मिळवली आणि रोज सकाळी आमच्या स्लॅबवर सूर्याचं चित्र काढायला लागले. डाग कुठे आहेत, किती मोठे आहेत, कालपासून किती सरकले, एवढंच. हे चित्र मोबाईलवरून आमच्यासारख्याच हौशी लोकांना पाठवायचं. शहरात याला छंद म्हणतात. आमच्या गल्लीत 'मॅडमचं ऊन पाहनं' म्हणतात.

पण भीती काही गेली नाही, उलट तिला काम मिळालं. दुर्बिणीतून सूर्याकडे सरळ बघितलं तर डोळा क्षणात जातो. म्हणून मी तिची नेम धरायची बारकी नळी काढून टाकली, खोक्याला कुलूप लावलं आणि वर्गात प्रयोग करून दाखवला. डोळा लावायच्या जागी पळसाचं वाळकं पान धरलं. पानातून धूर निघाला आणि भोक पडलं. "डोळा लावला तर डोळ्याचं भरीत होईल," असं मी पोरांना सांगितलं. त्यातली काही त्या रात्री झोपली नाहीत म्हणे. मला बरंच वाटलं.

त्या प्रयोगाची रंगीत तालीम मी आदल्या दिवशी अंगणात केली होती, तेव्हा मामाजी, म्हणजे माझे सासरे, बाजेवर बसून बघत होते. पानाचा धूर पाहून हसले.

"काच जाळते वं," ते म्हणाले. "तो कायले जाळीन?"

'तो' म्हणजे सूर्य. मामाजींचं त्याच्याशी जुनं सख्य. आंघोळ झाली की ओल्या पंचानंच अंगणात पूर्वेला तोंड करून उभे राहायचे, तांब्याचा गडू दोन्ही हातांनी कपाळाच्या वर धरायचे आणि पाण्याची धार सोडायचे. त्या पडत्या धारेतून सूर्याकडे बघायचं, अशी आमच्याकडची रीत. त्यानं नजर साफ राहते म्हणतात. आणि मामाजींची नजर होतीच तशी. सासूबाई गेल्यापासून रोज सकाळी ओसरीवर बसून पेपर मोठ्यानं वाचायचे, नावापासून शेवटच्या पानावरच्या जाहिरातीपर्यंत, बिनचष्म्याचे. मी पोळ्या लाटत ऐकायची. घरात टीव्ही असून आमच्याकडे बातम्या याच आवाजात यायच्या.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात सूर्यावर एक प्रचंड डाग आला. माझ्या कागदावर मिरीचा दाणा नव्हे, चांगला चिंचोका दिसत होता, कडेनं फाटलेला. त्याच्यातून वादळं उठत होती. लडाखकडे रात्रीचं आकाश लाल झाल्याच्या बातम्या आल्या. मला रोज स्लॅबवर चढताना धडधडायचं. काय होणार होतं ते मला सांगता आलं नसतं, पण एवढं मोठं काहीतरी तिथे उसळतंय आणि खाली आपण दूध तापवतोय, हा विचार मला सोसत नव्हता. "मोबाईल बंद पडीन का मॅडम?" एवढाच प्रश्न गावाला होता.

एके दिवशी मी खाली आले तर मामाजी गडू हातात धरून उभेच होते, लहान पोरासारखा चेहरा करून.

"पोरी, त्याच्यावर डाग हाये. मले दिसला. उगवता उगवता, अस्सा लाल होता, अन् त्याच्यावर काळा."

मी चित्र पुढे केलं. त्यांनी बरोबर जागेवर बोट ठेवलं. धुळीतून लालबुंद उगवलेल्या सूर्यावर एवढा मोठा डाग नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो हे मला माहीत होतं. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? घरात माझ्या ऊन पाहण्याला पहिल्यांदाच सोबती मिळाला होता. मी त्यांना समजावलं, हा डाग नांगराच्या तासावरून बैल चालावा तसा रोज थोडा थोडा सरकतो, या कडेनं येतो, त्या कडेनं जातो, आठ-पंधरा दिवसांत दिसेनासा होतो. आणि उगवतीनंतर वर बघायचं नाही, असंही बजावलं. त्यांनी मान डोलावली.

तेव्हापासून रोज चहाच्या वेळी आमची पडताळणी व्हायची. मी विचारायची, डाग आहे का? ते म्हणायचे, "हाये ना." मी कुठे विचारलं की म्हणायचे, "मधात."

आता माझ्या कागदावर तो मध्य सोडून कडेकडे निघाला होता. मी म्हटलं, म्हातारं माणूस, कडेला काय नि मध्याला काय. पुढे तो अगदी काठाला गेला, तरी मामाजींचा डाग मधातच. मला गंमत वाटली. त्या गमतीची आठवण आली की आजही अंगावर काटा येतो.

मग एका सकाळी कागदावर तो डाग नव्हता. पलीकडच्या बाजूला गेला होता. उरले होते ते सुईच्या टोकाएवढे चार-दोन ठिपके, दुर्बिणीशिवाय कुणाला दिसणं शक्यच नव्हतं. मी जिना उतरत होते, आणि मामाजी अंगणातूनच ओरडले, "आजही हाये वं! मधातच! आज तं लय साफ दिसून राह्यला."

मी जिन्यातच थांबले. ऊन चांगलं वर आलं होतं. गडू केव्हाच रिकामा झाला होता, धार नव्हती, आणि मामाजी तोंड वर करून, डोळे न मिटता, सरळ सूर्याकडे बघत उभे होते. डाग सापडेपर्यंत बघत राहायचं, असा त्यांनी नेम केला होता. तो सापडला की मला सांगायला मिळायचं ना.

मी धावत खाली उतरले. मी त्यांना खांद्याला धरून वळवलं, घराच्या चुना दिलेल्या पांढऱ्या भिंतीकडे.

"मामाजी, इकडे पाहा बरं. भिंतीवर काय दिसते?"

त्यांनी डोळे बारीक केले. बराच वेळ बघितलं. मग भिंतीजवळ जाऊन बोटानं काहीतरी खरवडायला लागले.

"इथंही हाये," ते म्हणाले. बोट सरकवलं. "इथंही हाये." मग माझ्याकडे वळले, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "पोरी, तुह्या तोंडावरही हाये."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. गावभर पोरांचे डोळे जपत फिरले मी, आणि ज्यांचे जायला नकोत ते रोज माझ्या अंगणात भाजत होते.

जऊळक्याच्या स्टेशनवरून रेल्वेगाडीनं आम्ही अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मी, मामाजी आणि माझे यजमान. डॉक्टर भले होते, पण त्यांनी आशाही मोजूनमापून दिली. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग उन्हानं भाजलाय, म्हणाले. याला औषध नाही. काहींचा डाग काही महिन्यांत विरतो, काहींचा राहतो. वाढू नये म्हणून सूर्याकडे पुन्हा बघायचं नाही, आणि काही बदल वाटला तर लगेच यायचं. मग त्यांनी एक चौकटींचा कागद दिला. चौकटींच्या मधोमध एक काळा ठिपका. रोज एक डोळा झाकून दुसऱ्यानं त्या ठिपक्याकडे बघायचं आणि तो दिसतो का, रेघा वाकड्या होतात का, ते घरच्यांना सांगायचं.

तो कागद मी ओसरीच्या खांबावर चिकटवला. सकाळी स्लॅबवर सूर्याचा डाग, आणि खाली मामाजींचा. पहिला बघताना पूर्वी भीती वाटायची, ती कुठच्या कुठे गेली. सूर्यावर किती का वादळं होईनात. माझं सगळं लक्ष खाली.

"मामाजी, ठिपका दिसते का?"

सुरुवातीला म्हणायचे, "नाही वं. त्याच्यावर डाग बसला." असं ऐकलं की मी दिवसभर शाळेत वेंधळ्यासारखी वागायची. फळ्यावर भलतंच लिहायची. रात्री ताटावर रडलेही एकदा, सगळ्यांसमोर. मामाजी नुसते माझ्या दिशेनं बघत राहिले.

त्यानंतर हळूहळू सुधारणा दिसायला लागली. "आज थोडा दिसला." मग, "अर्धा दिसते." पुढे दिवाळीच्या सुमाराला, "पुरा दिसून राह्यला. अन् रेघाही सरळ." मी देवापुढे साखर ठेवली. अर्घ्यही त्यांनी पुन्हा सुरू केलं होतं, पण मान खाली घालून, डोळे मिटून. पेपर मात्र माझ्याकडे सरकवायचे. "तू वाच आज. तुह्या आवाजात बरं वाटते." सुनेचं कौतुक करताहेत, असं समजून मी खुशीत वाचायची. पोळी करपली तरी वाचायची.

मध्यंतरी त्या कागदावर चहा सांडला आणि तो फुगून फाटला. मला रेघा मारायची सवय, म्हणून मीच पट्टी घेऊन नवीन कागद केला. चौकटी आखत होते तेवढ्यात दूध उतू गेलं. मी धावले. परत आले आणि आखून झालेला कागद तसाच खांबावर लावला.

दुसऱ्या सकाळी मामाजी समोर बसले. डावा डोळा तळव्यानं झाकला.

"ठिपका दिसते?"

"दिसते ना."

"साफ?"

"एकदम साफ. मधात. कालच्याहून बरा."

मी समाधानानं कागदाकडे बघितलं. कागदावर ठिपका नव्हता. चौकटी होत्या, आणि मधोमध कोरी जागा. ठिपका द्यायचा राहून गेला होता.

मामाजींनी हात बदलला आणि उजवा डोळा झाकला. "याच्यानंही दिसते," ते आपणहून म्हणाले आणि माझ्याकडे वळून हसले. पण ते हसू माझ्याकडे नव्हतं. ते माझ्या कानाच्या थोडं बाजूला, खांबाकडे बघत होते. डाग टाळून कडेकडेनं मला शोधत होते. किती दिवसांपासून असं बघत होते, देव जाणे. माझ्या लक्षात कसं आलं नाही? आणि मग सगळंच लक्षात आलं. सुधारणा कधीपासून सुरू झाली होती ते. मी ताटावर रडले, त्याच्या दुसऱ्या सकाळपासून.

पण यावेळी माझी भीती मी त्यांना दाखवली नाही. जन्मात पहिल्यांदा. "वा, मामाजी! हे तं मस्तच झालं," मी म्हटलं. ते उठून आंघोळीला गेले. मी पेन आणलं आणि त्या कोऱ्या जागेत ठिपका दिला. नीट, गोल.

संध्याकाळी मी त्यांच्या बाजेजवळ जाऊन बसले.

"मामाजी, मले अकोल्याले जायचं हाये. माह्या डोळ्यांतून पाणी येते. डॉक्टरनं काही वाईटसाईट सांगतलं तं? एकटीले भेव वाटते. तुमी येता का संगं?"

त्यांनी मान कलती करून कडेनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ओळखलं यांनी.

"येतो ना," ते म्हणाले. "तू लय भेतं बाप्पा."

जऊळक्याच्या फलाटावर गाडी लागली. मी आधी चढले आणि वळून बघितलं. मामाजींनी पाय उचलला, पायरीच्या अलीकडे हवेतच टेकवला, आणि मागे घेतला. मग माझ्या दिशेनं हात वर केला. मी तो घट्ट धरला.

"तुले भेव वाटाले नाही पायजे म्हनून धरला," ते म्हणाले.