नाताळात पाहिलेलं स्थळ

आमच्या उसाला तोड आली त्याच आठवड्यात मी पोर्तुगालला निघाले. आमचं घर भवानीनगरच्या अलीकडे, कालव्याला लागून आहे. फडात तोडणीची टोळी उतरली की आमच्या मालकांना शेत सोडून कुठे जाता येत नाही. म्हणून आमच्याकडे जे काम नेहमी पुरुष करतात ते या वेळी माझ्याकडे आलं. ते काम स्थळ बघायचं.

आमची मुलगी अश्विनी तिकडे पोर्तू नावाच्या शहरात नोकरी करते. तिथल्याच नूनो नावाच्या मुलाशी लग्न करायचं म्हणते. मुलगा आम्ही फोनवर पाहिला होता. पण नुसता मुलगा बघून आमच्यात भागत नाही.

मालक म्हणाले, "पोरगं बरं दिसतंय. पर आपल्याला घर बघायचं हाय. नाताळात समदी घरी असत्यात. तू जा."

"मी एकटी? मला बारामतीच्या बाजारात भाव इचारायला लाज वाटती."

"भाव न्हाय इचारायचा. नुसतं बघायचं. तुला पसंत तर मला पसंत. आन् पसंत पडलं तरच जेव. न्हायतर चहावर निघ."

ही आमच्या घरातली जुनी रीत आहे. सोयरीक मनाला पटेपर्यंत मुलाच्या घरी जेवायचं नाही. चहा, पाणी, फळ चालतं. ताटावर बसलं की होकार दिला असं धरतात. अश्विनीला हे चांगलं ठाऊक होतं.

मुंबईच्या विमानतळावर पिशवी तपासणाऱ्या पोलिसाने विचारलं, "मावशी, एकट्याच? कुठं निघालात?"

"पोर्तुगालला. स्थळ बघायला."

"मग आमच्या पुतण्याचं पण बघा की एखादं," तो म्हणाला. शेंगदाण्याची चटणी त्याने सोडली, लोणच्याची बरणी मात्र काढून ठेवली.

वाटेत एकदा विमान बदलायचं होतं. त्या विमानतळावर लुगडं नेसलेली एक बाई दिसली, म्हणून मी तिच्या मागे चालत राहिले. ती लंडनला निघाली होती. तिनेच मला हाताला धरून माझ्या विमानाच्या दारापाशी आणून सोडलं. त्यानंतर माझी भीती बरीच गेली. चुकलं तर कोणी तरी सांगतं, एवढं कळलं.

पोर्तू शहर नदीच्या काठावर चढावर बसलेलं आहे. घरांच्या भिंतींना निळ्या नक्षीच्या फरश्या लावलेल्या. थंडीत आपल्याकडे पाऊस नसतो, तिथे मात्र रोजची रिपरिप. रस्त्याच्या कडेला गाड्यावर माणसं कास्तान्या (भाजून खायची तपकिरी फळं, चवीला रताळ्यासारखी) विकत होती. धुराचा वास हुरड्याच्या आगटीची आठवण देणारा. मी दोन पुडे खाल्ले. फळ चालत होतं.

दुसऱ्या दिवशी अश्विनी, नूनो आणि मी आगगाडीने नूनोच्या गावाला गेलो. सगळीकडे हिरवे डोंगर, आणि ऐन थंडीत झाडांवर लगडलेली संत्री. द्राक्षाच्या वेली आपल्या इंदापूरकडच्या बागांपेक्षा उंच, दगडी खांबांवर चढवलेल्या. प्रत्येक घराजवळ दगडाच्या पायांवर उभी केलेली लांबट खोली दिसायची. तिला ते एश्पिगैरु (मक्याची कणसं साठवायची कोठी) म्हणतात. उंदरांना वर चढता येऊ नये म्हणून पायांवर गोल दगड बसवलेले. हे मला फार आवडलं.

नूनोची आई, लुर्देसबाई, फाटकात उभी होती. माझ्याच वयाची, अंगाने जाड, हातात विळा. माझ्या चपला बघून ती आत गेली आणि तिचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घेऊन आली. साडी खोचून, ते बूट घालून मी तिचं सगळं शेत पाहिलं. मालकांनी बघ म्हटलं होतं, तर मी नीट बघितलं. विहिरीत वाकून पाणी पाहिलं. गाईच्या पाठीवर हात फिरवला, गोठ्यात शेण साचलंय का ते पाहिलं. कोठीतलं एक कणीस सोलून दाणा दाताखाली धरला. लुर्देसबाई मागून काही तरी बोलली आणि नूनो खो खो हसला.

अश्विनी म्हणाली, "त्या म्हणत्यात, हिला शेत इकत घ्यायचं हाय का?"

"सांग, पोरगी द्यायची हाय. शेतापरीस महाग हाय."

हे ऐकून लुर्देसबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, की तुमच्या महाग पोरीने मागच्या खेपेला इथे फोडणी टाकली, तर सगळं घर शिंकत होतं. गाय सुद्धा.

बाई मला पटली. शेत पटलं. पण एक गोष्ट मनातून जाईना. त्या घरात माणूसच नव्हतं. लुर्देसबाई एकटी, मुलगा शहरात, नवरा वारलेला. आमच्याकडे कोणी आजारी पडलं तर चहा करायला चार जावा असतात. माझी मुलगी इथे चुकली, रडली, तर तिला सांभाळून घेणारं कोण? गोठ्यापाशी अश्विनीने विचारलं, "आई, आज जेवणार हायस का न्हाय? आज त्यांचा मोठा सण हाय."

"बघते," मी म्हटलं.

तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. पण त्यानंतर ती माझ्याच तोंडाकडे बघत होती.

नाताळच्या आदल्या संध्याकाळचं जेवण म्हणजे कोन्सुआदा. लुर्देसबाई दुपारपासून चुलीशी होती. दोन दिवस पाण्यात भिजत घातलेला बाकल्याव (मीठ लावून वाळवलेला मोठा मासा), बटाटे, कोबीसारखी मोठ्या पानांची भाजी, अंडी. वाळल्या माशाचा वास ओळखीचा होता, आमच्या आठवडे बाजारातल्या सुकटीसारखा.

स्वयंपाकघरातच लांब टेबल होतं. माणसं चार, ताटं पाच. मला वाटलं, कोणी शेजारी यायचा असेल. घरी मी नेहमी चुलीजवळ, कडेला बसते. तिथे बसलं की कोणाचं लक्ष जात नाही. एक संत्रं सोलायचं आणि वेळ काढायचा, असं ठरवून मी चुलीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले.

नूनोच्या हातातला पाव हातातच राहिला.

"आई, ऊठ," अश्विनी हळूच म्हणाली. "तितं बसू नको."

"का? चुलीजवळ हाय, ऊब लागती की."

"ती नूनोच्या वडलांची जागा हाय. नाताळच्या जेवणाला हितं गेलेल्या माणसाचं ताट मांडत्यात."

मी खुर्ची मागे सारून उठायला लागले, तोच लुर्देसबाईने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला खाली बसवलं. ती काही तरी बोलली. अश्विनीने सांगितलं, "त्या म्हणत्यात, बसा. रिकाम्या खुर्चीकडं बघून त्यांना घास गिळवत न्हाय. आज कोण तरी बसलंय, बरं वाटतंय."

मग लुर्देसबाईने ते पाचवं ताट माझ्यापुढे ओढलं आणि पहिलं मलाच वाढलं. वर ऑलिव्हचं तेल घातलं.

भाद्रपदात आम्ही पितर जेवू घालतो. गेलेल्या माणसाच्या नावाने कोणाला तरी बोलावून पानावर बसवतो. बसलेल्या माणसाने नको म्हणायचं नसतं. मी अश्विनीला म्हटलं, "सांग तिला, हे ताट मी नूनोच्या वडलांच्या नावानं जेवते. माझं न्हाय."

ते ऐकून लुर्देसबाईने मान हलवली. तिला आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही. मी त्या माणसाच्या नावाने सगळं ताट जेवले. मासा खारट होता, जाड पापुद्र्यांचा. नूनो वडलांबद्दल बोलत होता. त्यांना बटाटे फार आवडायचे म्हणाला. मी बटाटा मागे ठेवला नाही.

जेवता जेवता माझं मन स्वच्छ झालं. परक्या बाईने माझी एवढी मोठी चूक पोटात घातली. मला उठवलं नाही, हसली नाही, चुकीसकट बसवून घेतलं. माझी मुलगी इथे चुकेल तेव्हा तिलाही असंच बसवून घेतील. चार जावा असून हे होतंच असं नाही, हे मला माझ्या अनुभवावरून माहीत आहे.

ताट संपलं. तिकडे आपल्यासारखा आग्रह करत नाहीत. मी स्वतःच ताट उचलून लुर्देसबाईपुढे धरलं.

"आता माझ्या नावाचं वाढा," मी म्हटलं.

अश्विनीने भाषांतर केलं नाही. तिला ते जमेना. माझ्याकडून ताट घ्यायचं की लुर्देसबाईकडून डाव, हेही तिला कळेना, आणि शेवटी तिनेच मला वाढलं.

पुढचे दिवस मजेत गेले. समुद्र पाहिला. संत्री तोडली. लुर्देसबाईला चटणी दिली, तिने ती पावाला लावून खाल्ली आणि अंगणात जाऊन गाईशेजारी शिंकली.

परत आले तेव्हा निम्मा ऊस गेला होता. मालक बांधावर उभे होते. त्यांनी विहीर विचारली नाही, जमीन विचारली नाही.

"जेवलीस का तितं?"

"जेवले. मागून घेतलं."

ते भरलेल्या ट्रॉलीकडून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मागून? तू? मग पाव्हण्यांना कवा बोलवायचं?"

तोड संपली की लुर्देसबाई येणार आहेत. जावा आत्तापासून विचारतात, त्यांना खुर्ची द्यायची की पाट, कुठं बसवायचं. मी सांगितलं आहे, त्या बसतील तिथं ताट मांडायचं.