यादीतलं दुसरं नाव

पक्षात आम्ही माणसांना नावानं हाक मारत नाही, तालुक्यानं मारतो. बैठक सुरू करताना जिल्हाध्यक्ष विचारणार, पेण आलं का, माणगाव कुठे राहिलं, सुधागडला फोन लावा. या पद्धतीनं माझा सगळ्यात जवळचा मित्र म्हणजे रोहा. तो रोहा तालुक्याचा अध्यक्ष, मी जिल्हा कार्यालयाचा चिटणीस. तो मला चिटणीस म्हणायचा आणि मी त्याला रोहा. त्याच्या घरच्यांसमोरसुद्धा माझ्या तोंडून रोहाच निघायचं, आणि त्याच्या बायकोला त्याचं हसू यायचं.

आमचं जिल्हा कार्यालय पेणला, एका गणपतीच्या कारखान्याच्या माडीवर. मी जवळच्या जिते गावाहून सकाळच्या गाडीनं येतो, कुलूप काढतो, टेबल पुसतो आणि वरून काही आलंय का ते बघतो. वर म्हणजे मुंबईचं प्रदेश कार्यालय. प्रदेशवाल्यांचं वर म्हणजे दिल्ली. दिल्लीच्याही वर कुणीतरी असणार, कारण धाक असल्याशिवाय माणूस इतकी परिपत्रकं काढत नाही.

दिल्लीचं परिपत्रक हिंदीत येतं. प्रदेश त्याचं मराठी करतं आणि शेवटी पदरचं एक वाक्य जोडतं, की फोटो आजच पाठवावेत. मी ते वाक्य तेवढं ठेवतो आणि बाकीचं चार ओळींत बसवून तालुक्यांना धाडतो. खालून वर जाताना उलटं होतं. तालुका मला सांगतो, मोर्चाला तीसेक माणसं होती. मी प्रदेशला लिहितो, लक्षणीय उपस्थिती. प्रदेश दिल्लीला कळवतं की सबंध कोकण रस्त्यावर उतरलं. यात कुणी कुणाला फसवत नाही. प्रत्येकाला माहीत असतं की समोरच्यानं किती वाढवलंय, आणि प्रत्येक जण तेवढं वजा करून वाचतो. बाहेरचा माणूस याला खोटेपणा म्हणेल. मी याला कामाची सवय म्हणतो, आणि याच सवयीनं माझा घात केला.

या सवयींतली सगळ्यात पक्की सवय दुसऱ्या नावाची. जिल्हाध्यक्ष नेमायचा झाला की जिल्ह्यातून तीन नावं क्रमानं वर जातात. आजवर पहिलं नाव कधीही झालेलं नाही. प्रदेशात दोन गट. पहिलं नाव दिसलं की एक गट म्हणतो, हा त्यांचा माणूस, आणि कापतो. एखादं नाव त्यातून वाचून दिल्लीला पोचलंच, तर दिल्ली ते कापते, कारण प्रदेशनं सांगितलेलं जसंच्या तसं मान्य केलं तर दिल्लीचं दिल्लीपण काय राहिलं? तिसरं नाव नुसतं भरतीचं असतं. राहतं दुसरं. म्हणून जो व्हायला हवा त्याला दुसऱ्या क्रमांकावर लिहायचं आणि पहिल्यावर असा माणूस ठेवायचा की तो कापला गेला तरी आपलं काही बिघडत नाही. हे कुठल्याही घटनेत लिहिलेलं नाही. मी आणि रोह्यानं ते फार वर्षांपूर्वी एका बैठकीहून परत येताना गाडीत बसून, जुन्या याद्या आठवून आठवून शोधून काढलं होतं. त्याचा आम्हाला मोठा अभिमान होता.

माझी बायको गेली त्याला आता सहा वर्षं होतील. मुलगी पुण्याला असते, रविवारी फोन करते, औषध घेतलं का विचारते. बायको गेली त्या वर्षापासून रोहा दर गुरुवारी पेणला यायला लागला. काम काही नसायचं. कधी म्हणायचा सभासद नोंदणीची पुस्तकं हवीत, कधी म्हणायचा शिक्का झिजलाय. कारण नाहीच सापडलं तर नुसता येऊन समोरच्या खुर्चीत बसायचा, वर्तमानपत्र उलटं सुलटं करायचा, वरच्यांना शिव्या द्यायचा. दुपारी आम्ही स्टेशनरोडला मिसळ खायचो आणि तो परतीच्या गाडीनं जायचा. माझ्यासाठी येतोय हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही आणि मीही त्याला कधी थँक्यू म्हणालो नाही. पण बुधवारी संध्याकाळी घरी गेलो की उद्या तो येणार म्हणून मला बरं वाटायचं, हे खरं आहे.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी आमच्या जिल्हाध्यक्षांनी तब्येतीमुळे पद सोडलं. रोह्याला तीस वर्षांत हे पद सोडून दुसरं काही नको होतं. आमदारकी त्यानं कधी मागितली नाही. जिल्हाध्यक्ष म्हणून एकदा पंधरा तालुके फिरायचे, एवढीच त्याची हाव. दोनदा हुकलं होतं. आणि आता दिल्लीनं नियम काढला होता की साठीच्या पुढचा माणूस जिल्हाध्यक्ष होणार नाही. त्याला चैत्रात साठ वर्षं पूर्ण होत होती. म्हणजे हीच शेवटची वेळ, हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

त्याच महिन्यात दिल्लीचं आणखी एक परिपत्रक आलं. जिल्ह्याच्या भावनेचा आदर व्हावा म्हणून यापुढे प्रदेशनं यादीत फेरफार करू नये, पहिलं नाव तसंच जाहीर करावं. मी ते वाचलं आणि हसलो. कार्यकर्त्यांच्या भावनेचा आदर करणारी अशी पत्रं माझ्या कपाटात दोन फायली भरून पडली आहेत. गुरुवारी रोहा आला तेव्हा मी त्यालाही ते दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं. मग म्हणाला, "चिटणीस, या टायमाला खरं असंल बघ. भाषा येगली हाय." मी म्हटलं, अरे, तीस वर्षं झाली तरी तुला अजून वरच्यांची भाषा कळत नाही का. त्यानं पत्राची घडी घालून मला परत दिलं. माझं नाव पहिलं लिही, असं तो स्पष्ट म्हणाला नाही. म्हणणारही नव्हता, तो त्याचा स्वभाव नाही.

मग प्रदेशचे निरीक्षक आले. विदर्भातले होते, सज्जन गृहस्थ, इथल्या दमटपणानं बेजार झालेले. दिवसभर त्यांनी एकेका तालुक्याला आत बोलावून मत विचारलं. पंधरापैकी बहुतेकांनी रोह्याचंच नाव घेतलं. चार वाजता त्यांना पनवेलहून गाडी पकडायची होती. ते मला म्हणाले, कल रोह्याकडे आहे हे उघड आहे, बाकी दोन नावं आणि क्रम तुम्हीच लावा, तुम्हाला इथली रीत ठाऊक. कोऱ्या कागदावर खाली सही करून ते निघून गेले.

मी एकटाच टेबलाशी बसलो आणि स्वच्छ अक्षरात यादी लिहिली. पहिलं नाव एका कंत्राटदाराचं. तो डोलवीच्या बाजूचा, तिथल्या पोलाद कंपनीला गाड्या पुरवणारा, तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या पक्षातून आलेला. प्रदेशातला एक गट त्याच्यावर खार खाऊन होता, म्हणजे तो नक्की कापला जाणार होता. दुसरं नाव रोह्याचं. तिसरं गडबच्या एका वयस्कर कार्यकर्त्याचं, त्याला विचारलंसुद्धा नव्हतं. लिफाफा बंद करताना मला वाटलं, मित्रासाठी आपण आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं.

दिल्लीनं या वेळी खरंच शब्द पाळला. दिवाळीच्या आधी कंत्राटदार जिल्हाध्यक्ष झाला. गटबाजीचा आरोप नको म्हणून प्रदेशातल्या कुणी तोंडही उघडलं नाही. तीस वर्षांत वरच्यांनी एकदाच जे लिहिलं ते केलं, आणि तेव्हा मी त्यांचं ऐकलं नव्हतं. मला माझाच इतका राग आला की त्या दिवशी मी कार्यालय दुपारीच बंद केलं.

तरीही मला वाटत होतं की रोह्याला सांगता येईल. सांगायची वेळच आली नाही. नव्या अध्यक्षांबद्दल कुरबुर सुरू झाली तेव्हा आपणच जिल्ह्याची पहिली पसंती होतो हे दाखवायला त्यांनी मुंबईहून त्या यादीचा फोटो मिळवला आणि जिल्ह्याच्या ग्रुपवर टाकला. माझं अक्षर पंधराही तालुके ओळखतात. फोटोखाली कुणी काही लिहिलं नाही. थोड्या वेळानं तेवढीच एक ओळ आली, की रोहा ग्रुपमधून बाहेर पडला.

त्या गुरुवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी दोनदा फोन लावला, त्यानं उचलला नाही. पदाचा राजीनामाही दिला नाही, नुसता यायचा थांबला. नवे अध्यक्ष मोठ्या गाडीतून येतात, त्यांच्याबरोबर चार माणसं येतात, आतल्या खोलीचं दार लावून बसतात. मला ते काका म्हणतात. माझं काम आता एक तरुण मुलगी मोबाइलवर करते, आणि माझ्यापेक्षा चांगलं करते. मी समोरच्या खुर्चीवर फायली ठेवायला सुरुवात केली, कारण ती रिकामी बघवत नव्हती. मिसळ एकट्यानं खाववत नाही हे मला या वयात कळलं. रविवारी मुलीनं विचारलं, बाबा, आवाज असा का येतोय? मी म्हटलं, सर्दी झालीय.

माघात एक दिवस मी कार्यालयात न थांबता तसाच पुढची गाडी पकडून रोह्याला गेलो. त्याचं गाव कुंडलिका नदीच्या पलीकडे, रिक्षानं दहा मिनिटं. त्याच्या बायकोनं दार उघडलं. किती दिसांनी आलाव भावजी, म्हणाली, पण नेहमीसारखी हसली नाही. ते मागल्या पडवीत हायेत, म्हणाली.

तो वालाच्या शेंगांचा ढीग पुढ्यात घेऊन निवडत बसला होता. मला बघून त्यानं बाजूचं पोतं सरकवलं, म्हणजे बसायची परवानगी होती. मी बसलो आणि हाताला काहीतरी हवं म्हणून शेंगा निवडायला लागलो. मग सगळं सांगितलं. रीत कशी होती, कंत्राटदाराचं नाव का लिहिलं, ते कसं हटकून कापलं जायला हवं होतं. गाडीत पाठ केलेलं सगळं एका दमात बोललो. तो शेंगा निवडत ऐकत होता. माझं झाल्यावर म्हणाला, ती रीत मला नको सांगू, ती आपण दोघांनीच काढलेली हाय.

"मी तुला बोललो व्हतो," तो म्हणाला. "या टायमाला खरं असंल."

मी कबूल केलं. म्हटलं, वरच्यांवर विश्वास ठेवायची सवयच राहिली नाही रे, तुला तरी कुठे आहे.

"वरच्यांचं सोड. तुला मी व्हायला पायजे व्हतो का नाय, तेवढं सांग."

याचं उत्तर सोपं होतं. पण मला यादी लिहितानाची ती दुपार आठवली. त्या दुपारी माझ्या मनात आणखीही एक विचार येऊन गेला होता, आणि तो मी कुणाला सांगितला नव्हता, स्वतःलाही धड सांगितला नव्हता. हा अध्यक्ष झाला की मुंबईच्या बैठका, पंधरा तालुके, भोवती माणसं. आला तरी आतल्या खोलीत बसणार. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र उलगडायला त्याला वेळ कुठून मिळणार? विचार आला आणि गेला. मी रीतीप्रमाणे त्याचं नाव दुसरं लिहिलं. पण ती रीत नसती, तर मी ते पहिलं लिहिलं असतं का? मी आजवर स्वतःला नक्की हो म्हणू शकलेलो नाही.

"हो," मी म्हणालो. "पाहिजेच होतास."

पण मधे जेवढा वेळ गेला तेवढा त्याला पुरला. तीस वर्षं माणसांची मतं विचारत हिंडलेला माणूस तो. त्यानं शेंगा खाली ठेवल्या आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"अध्यक्ष झालो असतो तरी येऊन बसलोच असतो रे तुझ्याकडं," तो म्हणाला. "कुठं जानार व्हतो मी?"

तो उठला, निवडलेल्या शेंगांची पाटी उचलली आणि आत गेला. मी पडवीत बराच वेळ थांबलो, उरलेल्या शेंगा निवडत. आतून दोघांपैकी कुणाचाच आवाज येत नव्हता. शेवटी त्याची बायको एकटीच बाहेर आली आणि हळू आवाजात म्हणाली, गाडीची येल झाली भावजी.